जुनी विलायती सायकल : नमुना ठेवावा, माल विकावा

जुन्या मालाचा व्यापार आपल्या लोकांना नवा नाही. मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, जुनी घड्याळे, ग्रामोफोन, पितळी दिवे, शिसवी खुर्च्या यांची पारख करणारे, त्यांना पुन्हा चालते करणारे आणि गिऱ्हाईक शोधणारे हात तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. या यादीत अलीकडे एका जिनसेची भर पडली आहे. ती म्हणजे जुनी विलायती सायकल. जी सायकल भंगारवाला एके काळी किलोवर तोलून नेत असे, तिच्यासाठी आज शौकीन मंडळी परगावाहून फोन करतात, फोटो मागवतात आणि भाव विचारतात.

आम्ही पेशाने कापडवाले. सोलापुरी चादरी आणि टॉवेल यांचा आमचा घाऊक धंदा आहे. सायकली जमवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा शौक मात्र आम्हाला पंचवीस वर्षांचा आहे. गोदामाच्या मागच्या भागात अशा चौदा सायकली जमल्या. यंदा भावाभावांत गोदामाची वाटणी झाली. भावाचा हिस्सा त्याच्याकडे गेला आणि आमच्या वाट्याला जी जागा आली, तीत मालाच्या गाठी रचल्यानंतर फक्त चार सायकली मावतात. म्हणजे चौदांतून चार निवडायच्या आणि दहा बाहेर काढायच्या. हा हिशोब करताना जे आम्हाला उमगले, ते धंद्यात असणाऱ्या वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. कारण प्रश्न सायकलींचा असला तरी तो प्रत्येक दुकानदाराचा आहे. माल घ्यायला पैसा लागतो, पण कोणता माल ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला पारख लागते.

विलायती सायकल म्हणजे कोणती?

आपल्याकडे ‘विलायती’ म्हणून जी सायकल ओळखली जाते, ती बहुतेक इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांतून आलेली असते. १८८८ साली फ्रँक बाउडेन या व्यापाऱ्याने नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरील एका लहानशा कारखान्यात पैसा घातला. आठवड्याला जेमतेम तीन सायकली तेथे तयार होत. त्याच कारखान्याची पुढे ‘रॅले’ झाली. या कंपनीने १९३२ साली ‘हंबर’ हे नाव घेतले, १९४३ साली ‘रज’ घेतले आणि १९५७ साली ‘बीएसए’चा सायकल विभागही घेतला. म्हणून १९४३ नंतरची हंबर किंवा रज पाहिली, तर नाव वेगळे असले तरी घराणे रॅलेचेच असते.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. रॅलेच्या मोठ्या दातेरी चक्रात बगळ्याची आकृती कापलेली असते. रजच्या चक्रात उघडा पंजा असतो. हंबरच्या चक्रात हात धरून उभी असलेली माणसे असतात, शिवाय तिच्या पुढच्या चिमट्याला दोनाऐवजी चार नळ्या असतात. बीएसएची खूण म्हणजे तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. बीएसए हे मुळात बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी काढलेल्या कंपनीचे नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींची आयात आटली आणि कारखाने इकडेच निघाले. आसनसोलजवळ सेन-रॅले, १९४९ साली मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनपतला अॅटलस, १९५६ साली लुधियानाला हीरो. यांतील साध्या काळ्या सायकलींचा नमुना मात्र इंग्लंडचाच राहिला. तीच सळईची ब्रेक, तेच २८ इंची चाक, पुढे ३२ आणि मागे ४० तारा. याचा एक मोठा फायदा आजच्या शौकिनाला होतो. इंग्लंडात ज्या मापाचे टायर सहजी मिळत नाहीत, ते २८ बाय दीडचे टायर आपल्याकडे अजून तयार होतात आणि गावच्या दुकानात मिळतात. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातील सायकल उत्पादन २००२ साली बंद पडले, परंतु त्या सायकलीचा टायर आजही आपल्याकडच्या दुकानात टांगलेला दिसतो.

दुसरी जात आहे रेसर सायकलीची. वाकडे हँडल, बारीक टायर, हलका सांगाडा. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, तर चांगली पोलादी रेसर दहा किलोच्या घरात. हे वजन कमी झाले ते नळीच्या करामतीने. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले, की जिची जाडी टोकांना जास्त आणि मध्यभागी कमी असते. जेथे जोड येतो तेथे ताकद, बाकी ठिकाणी हलकेपणा. कापडवाल्याला हे चटकन समजेल. थानाची किनार घट्ट विणतात, कारण ओढ तिच्यावर पडते. पुढे १९३५ साली याच कंपनीने ‘५३१’ नावाची मिश्र पोलादाची नळी काढली आणि नंतरची अनेक वर्षे उत्तम रेसर सायकलींवर या आकड्याची चिठ्ठी असे. १९८० साली फ्रान्सची मोठी शर्यत यूप झूटेमेल्क या डच खेळाडूने जिंकली, ती रॅले सायकलीवर.

घेताना डोळे उघडे ठेवावेत

जुन्या सायकलीचा सौदा करताना रंगावर जाऊ नये. आधी सांगाडा पाहावा. हँडलच्या नळीच्या लगत मागच्या बाजूला, वरच्या आणि खालच्या नळीखाली बोट फिरवावे. तेथे रंगाला सुरकुती किंवा धातूला फुगवटा लागला, तर सायकल समोरून जोरात आदळलेली आहे असे समजावे. अशी सायकल कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये.

सांगाडा सरळ आहे की नाही, हे पाहायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. मागचे चाक काढून एक दोरा मागच्या एका खाचेला बांधावा, तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावा. मग सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी भरली तर सांगाडा सरळ. फरक निघाला तर मागचा भाग तितका वाकलेला आहे. दोरा आणि पट्टी, खर्च काही नाही.

सायकल किती जुनी, याबद्दल विक्रेता जे सांगेल त्यावर विसंबू नये. मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर असतील, तर हबच्या अंगावर शिक्का पाहावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच हबवर सालाचे दोन आकडे ठोकलेले सापडतात. ‘५४’ असेल तर हब १९५४ चा. अर्थात हब बदललेला असू शकतो, पण बाकीच्या खुणा त्या सालाशी जुळल्या तर खात्री पटते. हा हब १९०२ पासून ओळखीचा असून त्याची यंत्रणा इतकी पक्की आहे, की नियमाने तेल दिले तर पन्नास वर्षांचा हबही चालतो.

आणखी एक बारकी गोष्ट. रॅलेने आपल्या सायकलींच्या आट्यांचे माप वेगळे ठेवले होते. इतर इंग्रजी सायकलींच्या पेडलच्या एक्सलचे कप इंचाला २४ आट्यांचे, तर रॅलेचे २६ आट्यांचे. वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. एखाद्या मिस्त्रीने जोर लावून चुकीचा कप बसवला असेल, तर नळीतले आटे कायमचे गेलेले असतात. म्हणून पेडल हलवून पाहावे, कप उचकटलेला दिसला तर सौदा तेथेच थांबवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, विकणाऱ्याकडून सही केलेली चिठ्ठी घ्यावी. सायकलचा नंबर, तारीख, रक्कम आणि त्याचे नाव. सायकल चोरीची निघाली तर शौक महाग पडतो. जुन्या घरची पावती किंवा नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला मिळाला तर तो जपून ठेवावा. तो कागद, तो बिल्ला हाही मालाचाच भाग आहे.

दुरुस्ती : जितकी कमी तितकी चांगली

नवशिके गिऱ्हाईक सायकल घरी आणते आणि आधी रंग खरवडून काढते. जुन्या मालाच्या बाजारात याहून मोठे नुकसान नाही. नॉटिंगहॅमच्या सायकलीवरील सोनेरी रेषा कारागीर हाताने, लांब केसांच्या ब्रशाने ओढत. ती रेषा एकदा गेली की गेली. वरून दिलेला नवा रंग कितीही सुंदर असो, तो आजचा रंग असतो. आणि भट्टीत भाजून देतात तो पावडरचा रंग तर इतका जाड बसतो, की जोडांच्या ठिकाणच्या नक्षीदार कडा बुजून जातात. रोज बाजारात नेण्याच्या सायकलीला तो रंग टिकाऊ आहे. संग्रहातील सायकलीला तो मारक आहे.

म्हणून आमचा क्रम असा असतो. प्रथम साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके. मग पातळ तेल आणि सुती चिंधी, हलक्या हाताने. धुळीचा आणि जुन्या ग्रीसचा थर निघाला की, खाली अनेकदा मूळ रंग शाबूत सापडतो. जो गंज राहतो त्यावर ऑक्झॅलिक अॅसिडचे पातळ पाणी चालते. आम्हा कापडवाल्यांना हे अॅसिड ओळखीचे आहे. पांढऱ्या कापडावर लोखंडाचा डाग पडला की तो याच पाण्याने उठतो. गंजलेले सुटे भाग त्यात काही तास बुडवून ठेवले, मग भरपूर पाण्याने आणि शेवटी सोड्याच्या पाण्याने धुतले की गंज जातो आणि क्रोम राहतो. रंगावर मात्र आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडे लावून पाहावे. हे अॅसिड विषारी आहे. हातमोजे घालावेत, मुलांपासून दूर ठेवावे आणि खाण्यापिण्याचे भांडे त्यासाठी वापरू नये.

क्रोमचे काम शक्य तेवढे टाळावे. नवे क्रोम चढवण्याआधी भाग घासून सपाट करावा लागतो, त्यात ठोकलेली अक्षरे आणि बारीक कडा झिजतात. थोडी काजळी, थोडे ठिपके राहिले तरी हरकत नाही. सत्तर वर्षांच्या हँडलवर सत्तर वर्षे दिसायलाच हवीत.

आतले काम मात्र पूर्ण करावे. दुकानदार ज्याला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात ते. हब, पेडलचा एक्सल आणि हँडलचे कप उघडून छर्रे बदलावेत, आणि बदलायचे तर संपूर्ण संच बदलावा, जुन्यात नवे मिसळू नये. चाकांचा आउट काढावा. कॉटर पिन काढताना पेडलच्या दांड्याला खालून जड लोखंडी आधार द्यावा आणि मगच ठोका मारावा, नाहीतर मार छर्ऱ्यांवर बसतो. ब्रेकची रबरे, तार आणि टायर नवे घालावेत. हे भाग झिजण्यासाठीच असतात, त्यांच्या जुनेपणाला किंमत नाही. तेथे काटकसर केली तर जिवावर बेतते.

चामड्याच्या सीटचे काम आपल्या मोचीकडे द्यावे. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीची सीट म्हणजे जाड चामडे तांब्याच्या खिळ्यांनी लोखंडी सांगाड्यावर ताणलेले असते. १८६६ साली सुरू झालेली ही कंपनी मुळात घोड्याच्या साजाचे काम करी. सीटला वरखाली तेलात भिजवण्याची चूक कोणी करू नये, चामडे सैल पडून झोळी होते. वर्षातून एकदोनदा मेणाचे मलम खालून-वरून लावावे, एवढे पुरे. चामडे फाटलेच असेल, तर चांगला मोची जुना सांगाडा ठेवून नवे चामडे ताणून देतो. हे काम येणारे हात गावोगावी आहेत, त्यांना ते काम आहे हे ठाऊक नाही, एवढेच.

नफ्याचा हिशोब

आता व्यापाराची गोष्ट. उदाहरणादाखल समजा, एक जुनी रॅले ६,००० रुपयांना घेतली. टायर-ट्यूब, छर्रे, कॉटर, ब्रेक मिळून २,५०० रुपये लागले. सीटला १,५०० आणि मिस्त्रीची मजुरी २,००० रुपये. एकूण १२,००० झाले. ती १५,००० ला गेली तर ३,००० सुटले. आता हीच सायकल जर क्रोमला आणि पूर्ण रंगाला दिली, तर ७,०००-८,००० रुपये आणखी चढतात, आणि जाणकार गिऱ्हाईक भाव वाढवून देण्याऐवजी कमी करतो, कारण मूळ रंग गेला. अजाण गिऱ्हाईक चकाकी पाहून पैसे देतोही, पण अजाण गिऱ्हाइकावर चालणारा धंदा फार दिवस टिकत नाही.

शिवाय जागेचे भाडे धरायला हवे. सायकल उभी ठेवली तरी ती खर्च करते. टायर चपटे पडून चिरतात, ग्रीस घट्ट होते, पावसाळ्यात गंज चढतो. तीन वर्षे न चाललेली सायकल ही तीन वर्षे पडून राहिलेल्या थानासारखी आहे. थानाला निदान घडीची रेघ तेवढी पडते, सायकल आतून खराब होते.

चार कोणत्या?

चौदा सायकली ओळीने उभ्या करून आम्ही प्रत्येकीला पाच प्रश्न विचारले. ही माझ्या मापाची आहे का? ही आपल्या मूळ भागांसह पूर्ण आहे का? हिच्यावरील काम आज पुन्हा करता येईल का? गेल्या वर्षभरात ही रस्त्यावर आली का? आणि ही आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या कोणाकडे हिची अधिक कदर होईल का?

पहिल्या दोन प्रश्नांतच सहा सायकली बाजूला झाल्या. कोणाचा चिमटा दुसरीचा, कोणाची चाके तिसरीची. एक हंबर दिसायला फार देखणी, चार नळ्यांचा चिमटाही तिचाच, परंतु तिला यापूर्वीच्या मालकांनी दोनदा रंगवलेले आणि चक्र भलत्याच सायकलीचे बसवलेले. ती एका शौकिनाकडे गेली, त्याच्याकडे हंबरचे मूळ चक्र होते आणि सायकल नव्हती. दोन अर्धवट वस्तूंची एक पूर्ण वस्तू झाली, यासारखा चांगला सौदा नाही.

ठेवायच्या चारांत पहिली निवड सोपी होती. मद्रासकडच्या कारखान्यातील बीएसए. ती फार दुर्मीळ नाही, महाग नाही. पण ती आमच्या मापाची आहे आणि फजरनंतर आम्ही रोज तिच्यावरून फेरी मारतो. चालवायची सायकल हवीच. जो फक्त जमवतो आणि चालवत नाही, त्याला मालाची खबर राहत नाही.

दुसरी आमच्या वालिदसाहेबांची. लुधियानाची साधी काळी सायकल, मागे लोखंडी पट्ट्यांचे जाड कॅरिअर. तिच्यावर चादरींचा गठ्ठा बांधून ते आठवड्याच्या बाजाराला जात. बाजारात तिला भंगाराचाच भाव येईल. पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्नांत ती नापास होते. ती ठेवली. घरची वस्तू हिशोबात धरू नये, पण मग तिला ‘संग्रह’ही म्हणू नये. प्रत्येक घराने अशी एक वस्तू ठेवावी. दहा ठेवल्या तर त्या आठवणी राहत नाहीत, अडगळ होते.

तिसरी, ‘५४’ शिक्क्याच्या हबची रॅले. मूळ काळा रंग, बगळ्याचा पितळी बिल्ला, सळईचे ब्रेक, सगळे तिचे तिचेच. तिच्याबद्दल वाद नव्हता.

खरा पेच चौथ्या जागेचा होता. एका बाजूला होती रॅलेचीच रेसर, ‘५३१’च्या नळ्यांची. इंग्लंडला शिकायला गेलेल्या गावातल्या एका गृहस्थांनी ती १९८० च्या सुमारास बरोबर आणली होती. आमच्या चौदांत तिचा भाव सर्वांत जास्त. दुसऱ्या बाजूला होती एक जनानी रज. मडगार्डला पोचे, सीटचे चामडे गेलेले, किंमत रेसरच्या चौथाईही नाही. परंतु तिच्या सांगाड्यावर, मडगार्डवर आणि संपूर्ण बंद चेनकव्हरवर दोन रंगांची मूळ रेघ शाबूत होती. जाड सोनेरी रेघ आणि तिच्या कडेने केसाइतकी बारीक लाल.

आमच्या मुलाचे म्हणणे पडले, “अब्बा, रेसर ठेवा. तिचा भाव वाढतच जाणार.” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. इटलीत टस्कनी प्रांतातील गायोले या गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सायकल फेरी भरते. तेथे १९८७ पर्यंतच्या घडणीच्या रेसर सायकलीच चालतात, गिअरचे खटके सांगाड्याच्या खालच्या नळीवर हवेत, पेडलला पायाचा पट्टा हवा आणि रस्ता पांढऱ्या खडीचा. अशा फेऱ्यांनी जुन्या पोलादी रेसरना जगभर गिऱ्हाईक मिळवून दिले.

तरी आम्ही रेसर सोडली. एक तर तिचा सांगाडा आमच्या उंचीला मोठा, तिच्यावर आमचे पाय नीट पोचत नाहीत. दुसरे, ‘५३१’ची रॅले रेसर इंग्लंडात अजून मिळते. पैसा असेल तर ती परत घेता येईल. आणि तिसरे कारण आमच्या गल्लीतल्या रेघवाल्या चाचांचे.

चाचा साठ वर्षांपासून ब्रश धरतात. टांगे, हातगाड्या, ट्रकचे फाळके, दुकानाच्या पाट्या, सगळे त्यांनी रंगवले. टांगे गेले, पाट्या छापील झाल्या, आता सायकलीच्या रेघांचे काम तेवढे कधीमधी येते. त्यांचा नातू त्यांच्या हाताखाली शिकतो आहे. रज पाहून चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सेठ, मुलाला तोंडाने किती सांगू? ही समोर असली तर तो स्वतः पाहील. जाड रेघ कुठे थांबते आणि बारीक कुठून निघते, हे सांगून कळत नाही.”

कापडाच्या धंद्यात ही गोष्ट आम्ही रोज करतो. हजार चादरी विकल्या जातात, पण प्रत्येक नक्षीचा एक तुकडा नमुन्याच्या वहीत लावून ठेवला जातो. पाच वर्षांनी कोणी तीच नक्षी मागितली, तर त्या तुकड्यावरून विणकर ती पुन्हा उठवतो. चादर ठेवायची नसते, नमुना ठेवायचा असतो. ज्या दुकानाची नमुन्याची वही हरवली, त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याची नक्कल करावी लागते. रज हा आमच्याकडचा नमुना होता. रेसर हा माल होता. चौथी जागा रजला मिळाली.

रेसर ज्या तरुणाने घेतली, तो उंचापुरा आहे आणि सोलापूर ते तुळजापूर सकाळी जाऊन परत येतो. तिची चाके आता गोदामात थंड पडण्याऐवजी रस्त्यावर फिरतात. तिच्या पैशांतून उरलेल्या सायकलींचे टायर आणि छर्रे आले आणि काही गाठींचा मालही भरला गेला.

विकताना इमान

दहा सायकली विकताना आम्ही प्रत्येकीबरोबर एक लेखी यादी दिली. कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, कोठे डाग दिला आहे, रंग केव्हाचा, कोणती खोट दिसते आणि कोणती खोट दिसत नाही पण आहे. एका सायकलीच्या मागच्या नळीला पितळेचा जोड दिलेला होता. रंगाखाली तो दिसत नव्हता. यादीत तो पहिल्या ओळीत लिहिला आणि किंमत तेवढी कमी सांगितली. गिऱ्हाइकाने तीच सायकल घेतली आणि पुढच्या आठवड्यात आपल्या मित्राला घेऊन आला. जुन्या मालाच्या धंद्यात जाहिरात चालत नाही, जबान चालते. एक लपवलेला जोड दहा गिऱ्हाइके तोडतो.

हुनरवाल्यांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांत सायकल मिस्त्री, मोची, रंगारी, पितळेचा जोड देणारे आणि क्रोम-निकेलचे काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की नव्या सायकलींच्या दुकानात आज भाग दुरुस्त होत नाही, तो बदलला जातो. दुरुस्तीचे खरे काम या जुन्या सायकलींत उरले आहे. त्याला रोजची गर्दी नाही, पण जे गिऱ्हाईक येते ते मजुरीवरून घासाघीस करीत नाही, ते हात पाहते. मिस्त्रीने आपल्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत, २६ आणि २४ आट्यांचा फरक मुलांना शिकवावा, जुने कप, चक्रे, बिल्ले भंगारात न टाकता चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवावेत. रंगाऱ्याने कोणतीही जुनी सायकल खरवडण्याआधी तिच्या रेघांवर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने त्या उतरवून घ्याव्यात, मापे लिहावीत. दहा सायकलींच्या रेघा उतरवल्या की तीच त्याची नमुन्याची वही.

आणि जे शौकीन आहेत त्यांनी आपल्या सायकली एकदा ओळीने उभ्या कराव्यात. जी चालते ती ठेवावी, जी घरची आहे ती ठेवावी, जिच्यावरून कोणी काही शिकू शकेल ती ठेवावी. बाकीच्या योग्य हाती द्याव्यात, योग्य भावात आणि खरे सांगून. रज सध्या चाचांच्या ओसरीवर उभी आहे. जागा आमच्या गोदामात राखलेली आहे, पण नातवाची बारीक रेघ अजून मध्येच थरथरते, तोवर तिने तेथेच राहिलेले बरे.